अंग झटकलं का?

कोथरूडच्या माझ्या दवाखान्यात तेव्हा तीन पाट्या होत्या. पहिली, 'कुत्र्यास खुर्चीवर बसवू नये.' दुसरी, 'मांजर पिशवीतून काढण्याआधी विचारावे.' आणि तिसरी, जिच्यावर माझा विशेष जीव होता, 'फोनवर सल्ला मिळणार नाही. कृपया आग्रह करू नये.' पेंटरने विचारलं होतं की 'कृपया' जरा मोठं काढू का. मी म्हटलं, बारीक काढा.

पाटी लावण्याचं कारण होतं. शहरात संगणकवाले आले, त्यांच्यामागोमाग लॅब्रॅडॉर आले आणि मग सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले. मी भाकरीचा तुकडा मोडला की फोन. मॅडम, आमच्याने मोजा खाल्ला. मॅडम, आमची आज उदास वाटते. एका गृहस्थांनी तर फोन पामेरियनच्या तोंडापाशी धरून मला त्याचा खोकला ऐकवला होता. म्हणून पाटी. ती लागल्यापासून मी जेवू लागले आणि लोक माझ्याबद्दल जे काही बोलायचं ते बाहेर जाऊन बोलू लागले.

अशा या पाटीखाली बसून मी एका सकाळी फोन उचलला. पलीकडे एक बाई होती. वर्षभरापूर्वी ती माझ्याकडे मांजर घेऊन आली होती आणि न विचारता पिशवीतून काढल्याबद्दल माझी बोलणी खाऊन गेली होती. मूळची वऱ्हाडातली, पस्तिशीच्या आसपासची, हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग टीमची प्रमुख. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या लिहून काढायच्या, हा तिचा धंदा. तो तिला मानवला होता.

"मॅडम, आमच्या घरमालकांच्या घोडीचं पोट दुखून राहिलं," ती म्हणाली. "कालपासून खात नाही."

मी पाटी म्हणून दाखवली. तातडी असेल तर प्राणी घेऊन या, हेही वर जोडलं.

"स्कूटरवर डबल सीट आणू का मी घोडी?" तिने विचारलं.

मी बॅग उचलली आणि निघाले.

खरं सांगायचं तर त्या दिवसापर्यंत मी दहा वर्षांत घोड्याला हात लावला नव्हता. कॉलेजात घोडा होता, एकच. सगळ्या वर्गाने त्याच्यावर हात साफ केला होता. कुठे टोचायचं ते त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं आणि चुकीच्या जागी सुई गेली की तो मान वळवून सरांकडे बघायचा. एवढ्या भांडवलावर मी हिंजवडीच्या रस्त्याला लागले. कबूल मात्र केलं नाही, स्वतःशीसुद्धा.

घरमालक सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या जमिनीवर आता काचेची इमारत उभी होती आणि तिच्यात ही टेस्टिंगवाली बाई कामाला होती. उरलेल्या तुकड्यावर मुलांनी तीन मजले चढवून खोल्या भाड्याने दिल्या होत्या आणि त्यातल्या एका खोलीत ती राहत होती. म्हणजे दिवसभर ती त्यांच्या जुन्या भुईमुगावर बसायची आणि रात्री त्यांच्या जुन्या ज्वारीवर झोपायची. एका मुलाच्या बसगाड्या कंपन्यांना लागल्या होत्या. बैल गेले, म्हशी गेल्या, गोठ्याची जागा तेवढी राहिली आणि गोठ्यात ही एक पांढरी घोडी. लग्नाच्या वरातीला ती जायची. मुलं म्हणायची, आता कशाला हा व्याप. बाबा म्हणायचे, "तिला बँड आवडतो." सगळे त्यांना बाबाच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

घोडी मान खाली घालून उभी होती. मधूनच पुढच्या पायाने जमीन उकरत होती. मी पोटाला नळी लावून ऐकलं. निरोगी घोड्याच्या पोटात सतत काहीतरी गुरगुरत असतं. इथे फारसं काही ऐकू येत नव्हतं. नाडी जलद होती. मी मनात म्हटलं, वायू धरलाय. घोड्याच्या पोटदुखीतलं निम्मं याच सदरात मोडतं.

"काल सांजच्याला एकदा बसली आन् लोळली," बाबा म्हणाले. "पर उठून अंग झटकलं न्हाई, बाई."

"बरं," मी म्हटलं. लोक आपली स्वप्नं सांगतात तेव्हा आपण म्हणतो तसं.

"घोडं लोळलं की उठून अंग झटकतंच. हिनं न्हाई झटकलं."

"बघते ना मी," मी म्हटलं आणि बघितलं ते घड्याळाकडे. दवाखान्यात एक बॉक्सर कुत्री सिझेरियनसाठी येऊन बसली होती. थर्मामीटर टेबलावरच राहिला होता. पोटदुखीला ताप कशाला बघायचा, असं मी स्वतःला समजावलं. कळ थांबवणारं इंजेक्शन दिलं आणि ठेवणीतल्या आवाजात हुकूम सोडला, "बसू द्यायचं नाही. चालवत राहायचं. मी दुपारी येते. मी येऊन सांगेपर्यंत थांबायचं नाही. कळलं?"

"कळलं," बाबा म्हणाले. त्यांनी दोरी हातात घेतली आणि चालायला सुरुवात केली.

बॉक्सरला अकरा पिल्लं झाली. मालक नवराबायको व्हिडिओ कॅमेरा घेऊन आले होते आणि प्रत्येक पिल्लाला मला जरा वर धरायला सांगत होते. अकरावं वर धरून झालं तोवर दुपार कधीच उलटली होती. मग रांगेतले बाकीचे रोगी. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मला घोडी आठवली. फोन आला नाही म्हणजे बरी झाली, असं मी ठरवलं. माझ्या धंद्यात हा हिशोब सगळेच करतात. फोन करायला कोणाची छाती होऊ नये म्हणून पाटी मीच लावली होती, ते मात्र त्या वेळी आठवलं नाही.

दुपारी बाराला फोन वाजला.

"मॅडम, थांबवायचं कधी?"

"काय थांबवायचं?"

"घोडी. बाबा कालपासून चालवूनच राहिले. तुम्ही येऊन सांगेपर्यंत थांबायचं नाही म्हटलं ना."

माझ्या हातातली सिरिंज मी खाली ठेवली. "काल सकाळपासून?"

"रात्री गोठ्यातच गोल गोल. पाणी पाजायला थांबते तेवढंच."

"अहो, मग फोन काहून..." मी चक्क तिच्यासारखी बोलायला लागले होते. "फोन का नाही केलात?"

"मी करत होती. बाबा म्हणाले, डॉक्टरीणबाईंनी लिहून लावलंय तर मोडायचं नाही. तो बोर्ड मीच सांगितला त्यांना, चुकलंच माझं." मग म्हणाली, "पण आता मी विचार केला. आमच्याकडे कसं असतं मॅडम, रिक्वायरमेंटच चुकीची असली तर तीपण चुकांच्या यादीत बग म्हणून टाकायची. तुमचा बोर्ड बग आहे."

आयुष्यात माझा अपमान पुष्कळांनी केला आहे, पण इतक्या शांतपणे आणि इतका बरोबर कोणी केला नाही.

हिंजवडीच्या चौकाच्या अलीकडेच मला बसची रांग लागली. हॉर्न चालले होते. बसच्या खिडक्यांमधून गळ्यात ओळखपत्रं घातलेली माणसं माना बाहेर काढून बघत होती आणि एक मुलगी शेजारणीला विचारत होती की वरात आहे तर नवरा कुठे आहे. रांगेच्या तोंडाशी घोडी होती. पुढे बाबा, हातात दोरी. मागची पहिली बस त्यांच्याच मुलाची, त्यामुळे ड्रायव्हरची हॉर्न वाजवायची टाप नव्हती. तो नुसता स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता. काचेच्या इमारतीच्या गेटवरचा रखवालदार मला अभिमानाने म्हणाला की घोडी किती वेळा गेली आणि किती वेळा आली ते त्याने रजिस्टरात लिहिलंय.

मी स्कूटर आडवी घातली. "थांबा!"

दोघंही थांबले. घोडी जिथल्या तिथे उभी राहिली. चारही पाय आखडून, पोट आत ओढून, कान पडलेले. आणि मग माझी नजर बाबांच्या पायांकडे गेली. एका पायातली चप्पल तुटून गेली होती. दुसऱ्या पायाला धोतराची पट्टी गुंडाळलेली होती आणि तिच्यावर लाल डाग होते.

"अहो, तुम्ही कशाला चाललात एवढं? दोरी दुसऱ्या कोणाकडे द्यायची."

"हिच्या आईला म्याच थांबवली व्हती," बाबा म्हणाले. "पोटच दुखत व्हतं. म्हनलं, दमली, उभी ऱ्हाऊ दे जरा. तासाभरात गेली. आता कुनाच्या हातात दिऊ दोरी?"

मला लाज वाटली. गुळमुळीत खंत वगैरे नाही, साधी लाज, कानाच्या पाळ्या तापतात ती. पंचवीस वर्षं झाली, अजूनही ते पाय आठवले की कान तापतात.

गोठ्यात नेऊन मी पहिल्यांदा थर्मामीटर लावला. एकशे तीनच्या वर. हिरड्या मळकट लाल. कुशीवर नुसता तळहात टेकला तर पोटाचे स्नायू फळीसारखे घट्ट झाले आणि तिने कण्हून मान वळवली. वायूने दुखतं तेव्हा घोडं आदळआपट करतं. हे निराळं होतं. आतड्यांवर आणि पोटाच्या आतल्या बाजूला एक पातळ पडदा असतो. त्याला संसर्ग झाला, आत पू होऊ लागला, की घोडं पुतळ्यासारखं उभं राहतं, कारण प्रत्येक पावलाला आत कळ येते. हे मला पुस्तकातल्या पानासकट आठवलं. अशा घोडीला मी एक दिवस आणि एक रात्र चालायला लावलं होतं.

टेस्टिंगवाली बाई हातात कागद घेऊन आली. ऑफिसच्या प्रिंटरवर काढलेला, कडेला भोकं असलेला लांबलचक कागद. वेळ, ताप, पाणी, लीद, शेरा, असे रकाने. थर्मामीटर तिने मेडिकलमधून आणला होता आणि तो कुठे घालायचा ते बाबांना माहीत होतं. मी पहिली ओळ वाचली. तिची वेळ माझ्या पहिल्या भेटीच्या आधीची होती. तापाच्या रकान्यात एकशे दोन. दुसऱ्या ओळीत, शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'डॉक्टर आल्या. गेल्या.'

"हा कागद तुम्ही मला काल का दाखवला नाहीत?"

"तुम्ही घड्याळ बघून राहिल्या होत्या," ती म्हणाली.

मी तिथूनच, बाबांच्या सुनेच्या मोबाईलवरून, रेसच्या घोड्यांवर आयुष्य घालवलेल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांना फोन लावला. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला होते आणि कॉलेजात मला एकदा नापास करता करता थांबले होते. त्यांनी मला फोनवर अर्धा तास सल्ला दिला. एकदाही 'घोडी घेऊन या' म्हणाले नाहीत. त्यांच्या दवाखान्यात पाटी नसावी.

"ट्रकमध्ये ती उभी राहणार नाही," ते म्हणाले. "आधी पोटातलं पाणी काढून बघ. त्यात चाऱ्याचे कण दिसले तर आतडं फुटलंय. मग काही करू नकोस, तिला शांतपणे जाऊ दे. नाही दिसले तर लढ."

पोटाच्या सगळ्यात खालच्या भागाची हातभर जागा भादरून, धुऊन, औषधाने पुसून मी सुई घेतली. घोडीला धरायला मुलगे पुढे झाले. बाबांनी त्यांना हाताने मागे सारलं, तिच्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि वरात निघताना बँडवाले पहिली चाल धरतात ती तोंडाने गुणगुणू लागले. तिचे पडलेले कान जरासे उभे झाले. मी सुई आत घातली. ती हलली नाही. आम्हां सगळ्यांमध्ये आपलं काम नीट करणारी त्या वेळी ती एकटीच होती.

सुईतून थेंब थेंब पाणी आलं, ते मी काचेच्या नळीत धरलं. निरोगी घोड्याच्या पोटातलं पाणी फिकट पिवळं आणि स्वच्छ असतं, नळीच्या आरपार वर्तमानपत्र वाचता यावं इतकं. वर्तमानपत्र नव्हतं. मी नळी टेस्टिंगवालीच्या त्या कागदासमोर धरली. 'डॉक्टर आल्या. गेल्या.' यातलं एक अक्षर दिसेना. नळीत भाताची पेज भरल्यासारखं गढूळ, जरा केशरी.

"चारा हाय का?" बाबांनी विचारलं. फोनवरचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मायक्रोस्कोपखाली बघावं लागेल. तासाभरात सांगते." मग स्वतःहून म्हटलं, "फोनवर सांगते."

औंधला माझी एक मैत्रीण माणसांची लॅब चालवायची. ती आतल्या खोलीत होती आणि काउंटरवर फॉर्म भरल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही असा नियम होता. पाटीच होती तशी. काउंटरवरच्या बाईंनी पेन उघडलं.

"पेशंटचं नाव?"

"घोडी."

"आडनाव?"

"अहो, घोडी आहे. जनावर."

"ते मी ओळखलं," बाई म्हणाल्या. "पण आडनावाची जागा रिकामी ठेवता येत नाही."

मी माझं आडनाव घातलं. वय नऊ, स्त्री, अविवाहित की विवाहित यावर आमचं थोडं झालं. वरातीला जाते पण स्वतःचं लग्न नाही, असं मी सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि आत जा म्हणाल्या.

मैत्रिणीने काचेवर थेंब घेतला, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि काच सरकवत राहिली. मी भिंतीवरचं आतड्यांचं चित्र बघत होते. त्या दहा मिनिटांत मी काय काय कबूल केलं ते मी कुणाला सांगणार नाही. पाटी काढीन इथपर्यंत मात्र मी नक्की गेले होते.

"माणूस असता तर मी आधी विचारलं असतं, शुद्धीवर आहे का," मैत्रीण शेवटी म्हणाली. "पांढऱ्या पेशी मोजण्यापलीकडे आहेत. सगळा पूच. जंतूही आहेत, पण एकाच जातीचे दिसतात."

"चारा?"

"एक कणसुद्धा नाही."

मी तिच्या टेबलावरचा फोन ओढला. पलीकडे पहिल्याच घंटीला बाबांनी उचलला. "आतडं शाबूत आहे," मी म्हटलं. "मी औषधं घेऊन येते. तिला उभीच राहू दे. चालवू नका."

"उभी ऱ्हाऊ दिऊ?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नक्की?"

"नक्की. मी सांगतेय."

पलीकडे ते घोडीला म्हणाले, "थांब गं आता."

मग लढाई सुरू झाली. पेनिसिलिन, त्याच्या जोडीला दुसरं एक जंतूंवरचं औषध, सूज आणि ताप उतरवणारं तिसरं, आणि सलाईन. सलाईन माणसांचं, अर्ध्या लिटरच्या बाटल्यांत. घोडीला ते म्हणजे आपण चमच्याने हंडा भरावा तसं. मेडिकलवाल्याने विचारलं, किती पेशंट आहेत? मी म्हटलं, एक, पण तब्येतीने चांगला आहे. बाटल्या टांगायला गोठ्यात उंच असं काही नव्हतं. तेव्हा बाबांनी वरातीची छत्री आणली. लाल मखमलीची, जरीच्या झालरीची, नवरदेवाच्या डोक्यावर धरतात ती. तिच्या काड्यांना आम्ही बाटल्या बांधल्या. काचेच्या इमारतीतून चहाच्या सुट्टीत येणाऱ्यांना रोज हे दृश्य दिसायचं, जरीच्या छत्रीखाली घोडी आणि तिच्या भोवती टांगलेली सलाईनं. रखवालदाराने येण्याजाण्याच्या रकान्यात लिहिलं, 'घोडी उभी.'

आजाराच्या कारणावर सगळ्या वस्तीचं एकमत नव्हतं. सून म्हणाली, नजर लागली. बसवाला मुलगा म्हणाला, कंपनीच्या कँटीनचा भात. टेस्टिंगवाल्या बाईने मात्र कारण शोधायचं म्हणून मागच्या चार लग्नांची चौकशी केली. त्यातून निघालं की एका लग्नात बुफेच्या शेवटी चेरी टोचलेली मघई पानं होती आणि नवऱ्याच्या मित्रांनी कौतुकाने घोडीला पानं चारली होती, टोचलेल्या काडीसकट. "रूट कॉज सापडलं मॅडम," ती म्हणाली. असेलही. काडी आतड्याला बारीक भोक पाडून गेली असेल आणि भोक आपोआप बुजलं असेल. पोट उघडून बघितल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही आणि पोट उघडायची माझी हिंमत नव्हती. पुष्कळदा कारण सापडतच नाही. तिला हे अजिबात पटलं नाही.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि चौथ्या दिवशी परत चढला. त्या दिवशी मी फार वाईट वागले. सुनेवर ओरडले, रखवालदारावर ओरडले, छत्रीची झालर डोळ्यांवर येत होती म्हणून छत्रीवरही ओरडले. बाबा घोडीजवळ उभेच होते. गोठ्याच्या दारात त्यांची बाज होती, पण तिच्यावर ते बसलेले मला दिसले नाहीत. मी त्यांच्या पायांना पट्ट्या बांधल्या त्यासुद्धा त्यांनी उभ्याने बांधून घेतल्या, एक हात घोडीच्या पाठीवर टेकून.

"बसा हो जरा," मी म्हटलं.

"ती बसंल तवा बसंन," ते म्हणाले.

पाचव्या दिवशी मी पोटातलं पाणी परत काढलं. गढूळच, पण आधीपेक्षा कमी. आठव्या दिवशी नळी कागदासमोर धरली तर 'गेल्या' हा शब्द पुसट वाचता आला. त्या शब्दाचा मला इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं. ताप गेला. लीद पडली आणि तिची बातमी टेस्टिंगवालीने मला ऑफिसातून फोन करून दिली. मीटिंगमध्ये होती म्हणून कुजबुजत. घोडी घास खाऊ लागली. माझा मात्र तिला पुरता तिटकारा आला होता. माझ्या स्कूटरचा आवाज ऐकला की ती कान मागे पाडून पाठ फिरवायची. मला ते चांगलं लक्षण वाटायचं.

इंजेक्शनं संपली. आता फक्त वाट बघायची होती, ताप परत येतो का याची. मी बाबांना सांगितलं, काहीही वेगळं वाटलं तर लगेच फोन करा. त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर पाटी दिसत होती. करतील असं मला वाटलं नाही.

दोनेक आठवड्यांनी, सकाळच्या गर्दीत, दवाखान्यात फोन वाजला. बाकावर ते पामेरियनचा खोकला ऐकवणारे गृहस्थ बसले होते, बरोब्बर तिसऱ्या पाटीखाली.

"बाई!" बाबा मोबाईलमध्ये ओरडत होते. त्यांचा आवाज सगळ्या बाकाला ऐकू जात होता. "बाई, बसली! लोळली! चारी पाय वर करून लोळली! दोरी घेतलीया हातात. चालवू का?"

पोटाच्या आजारातून उठलेली घोडी लोळते म्हणजे दोहोंतलं एक, कळ तरी परत आलीय, नाहीतर ती बरी तरी झालीय. आणि एकदम मला पहिल्या दिवशीची त्यांची गोष्ट आठवली, मी 'बरं' म्हणून सोडून दिलेली.

"बाबा, ती उठली का?"

"उठली."

"उठून काय केलं?"

"काय केलं म्हंजी? उभी हाय."

"अंग झटकलं का?"

मग दुरून, बाजूला कुणाशीतरी बोलल्यासारखा त्यांचा आवाज आला, "झटकलं. ह्ये बघा, समदी माती माझ्या अंगावर. डोळ्यात ग्येली." आणि मग फोनमध्ये, अगदी हळू, "बाई, झटकलं की तिनं."

"मग ती मजेत लोळली," मी म्हटलं. "काही चालवू नका. दोरी खुंटीला लावा."

बाकावरचे गृहस्थ वर पाटीकडे बघून माझ्याकडे बघत होते. "पाटी फक्त आमच्यासाठी आहे म्हणायची," ते म्हणाले. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. माझे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड केलं होतं.

"म्हंजी थांबू?" बाबांनी विचारलं.

"थांबा. आणि बाबा, आता तुम्ही बसा."

"बसू?"

"बसा."

फोन त्यांनी बंद केला नव्हता. मी कानाला लावून ऐकत राहिले, तेव्हा पलीकडे बाज करकरली.